शिंगांच्या शेतातली टिटवी

आमच्या घराच्या दाराला मुळात पायरी नव्हती. दार उघडलं की पाय थेट अंगणात. खापरपणजोबांनी घर बांधताना खालच्या वाळूच्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकले आणि त्यांवर घर उभं केलं, म्हणून घर जागचं हललं नाही. हलली ती जमीन. आजोबांनी पहिली पायरी बांधली, वडिलांनी आणखी दोन, आणि उरलेल्या माझा भाऊ वोब्बे यानं. आता उतरताना मला कठडा धरावा लागतो. नवखा माणूस विचारतो, "घर एवढं उंचावर का हो बांधलंत?" मी म्हणते, "घर आहे तिथंच आहे बाबा, देश खाली गेलाय." यावर सगळे हसतात. समुद्राकाठच्या आमच्या फ्रीसलंड प्रांतात जमीन खाली जाण्यावर हसायचीच पद्धत आहे.

इथली माती म्हणजे खरं तर सरपण. हजारो वर्षं पाण्यात साचत गेलेलं काळं शेवाळ. आजी ते विटांसारखं कापून, वाळवून चुलीत घालायची. पाण्याखाली असलं की ते गप्प पडून राहतं, उघडं पडलं की हवा त्याला खाते. धूर नाही, ज्वाळा नाही, पण जळतंच. आणि ते उघडं पाडण्यात आमच्या पिढ्या खपल्या. ओल्या जमिनीत गाय रुतते, ट्रॅक्टर रुततो, गवत पिवळं पडतं, म्हणून चरातलं पाणी पंपानं वीतभर खाली घ्यायचं. की जमीनही वीतभर खाली बसते आणि पुन्हा ओली होते. मग पुन्हा पंप, पुन्हा वीतभर. घराचे खांब कोरडे पडून कुजू नयेत म्हणून घराभोवती तेवढा एक चर काठोकाठ भरलेला ठेवायचा. घराला पाणी वर, गवताला पाणी खाली. वेड्यांचा बाजार म्हणाल तर तसंच. पण याच वेडानं आम्हाला श्रीमंत केलं, गावोगावच्या गोठ्यांतून निम्म्या जगाला चीज गेलं. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, आम्ही तर पिढीजात हट्टी फ्रिसियन. फक्त समुद्र आटवता आटवता आमच्या टिटव्याच गेल्या.

टिटवी आमच्याकडे साधं पाखरू नाही. मार्च लागला की बाप्ये माणसं कामधंदा सोडून कुरणातून हिंडायची, खांद्यावर चर ओलांडायची लांब काठी, नजर आभाळात. हंगामातलं पहिलं अंडं ज्याला सापडेल त्याचं नाव साऱ्या प्रांतात. वोब्बेला ते तरुणपणी एकदा सापडलं होतं. प्रांताच्या मोठ्या साहेबांनी हस्तांदोलन केलं, त्याचा फोटो अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. हातात अंडं आणि कान लाल. आता अंडं उचलायला कायद्यानं बंदी आहे. सापडलंच तर शेजारी एक काठी रोवायची, म्हणजे गवत कापणारा तेवढा तुकडा सोडून जातो. शोधणाऱ्यांचा एक नियम मात्र कायद्याहून जुना. कुठे सापडलं यावर खुशाल खोटं बोलावं, सख्ख्या भावालाही चुकीचा रस्ता सांगावा. पण सापडलं की नाही, यावर कधीच नाही.

वोब्बे आणि मी, हिस्के, दोघंही बिनलग्नाचे. लोकांना आमची जोडी विनोदी वाटते. वाटू दे. गायी विकून टाकल्या तेव्हा आमच्याकडे घर उरलं, कोंबड्या उरल्या, आणि घरालगतचं मोठं शेत, ज्याला आम्ही खालचं शेत म्हणतो. नाव जुनं आहे. ते ठेवलं तेव्हा शेत फारसं खालीही नव्हतं.

गेल्याच्या आधीच्या शरदात वोब्बेच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी केस गेले आणि बोटांतली जाणीव गेली. एकदा त्यानं तापलेली किटली तशीच धरून ठेवली. मला वास आला म्हणून कळलं. डॉक्टर येत्या वसंताबद्दल चांगलं बोलले. त्याच्या पुढच्या वसंताचं मी विचारलं तेव्हा ते चष्मा पुसायला लागले.

फेब्रुवारीत गेरलोफ कॉफीला आला. गेरलोफ आमचा शेजारी, चाळिशीचा, पाचशे गायींचा धनी. त्याच्या गोठ्यात दूध यंत्रं काढतात, त्यामुळे त्याला शेजाऱ्यांकडे कॉफी प्यायला वेळ असतो. माणूस वाईट नाही. वोब्बेला दवाखान्यात न्यायला दर वेळी तोच गाडी घेऊन आला. पण त्याला आमचं खालचं शेत हवं होतं. ते आणखी कुणाला हवं होतं तर पाखरांसाठी जमिनी राखणाऱ्या एका संस्थेला. ती माणसं पंप बंद करून पाणी वर घेणार होती.

"काका, पाणी वर म्हणजे दलदल," गेरलोफ म्हणाला. "तुमच्या पणजोबांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून चर खणले ते काय बेडकांसाठी?"

"आणि तू काय करणार आहेस?" मी विचारलं.

"मी दोन वीत आणखी खाली घेणार. मग बघा गवत."

"मग मी पायऱ्यांचा नाद सोडते. सरळ शिडी लावून घेते."

"काकू, तुमची जीभ तेवढी कधी खाली बसली नाही."

वोब्बे हसला. बऱ्याच दिवसांनी.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. मला ते शेत खाली जायचं थांबायला हवं होतं. पाखरं-बिखरं नंतर. घराच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती, पण खरं कारण तेही नव्हतं. त्या शेतातून जे वर यायला लागलं होतं त्याची मला भीती वाटायची. पण शेत वोब्बेच्या नावावर होतं आणि वोब्बेचा पाय निघत नव्हता. पाणी वर घेणं म्हणजे त्याला बापजाद्यांच्या मेहनतीवर पाणी सोडल्यासारखं वाटायचं, आणि गेरलोफला द्यायचं तर त्या शेताचं शेवटी काय होणार हे तो माझ्याइतकंच ओळखून होता.

"अंडं ठरवू दे," तो अचानक म्हणाला.

"कसलं अंडं?"

"टिटवीचं. या वसंतात माझ्या शेतात एक तरी सापडलं, तर याचा अर्थ जमिनीत अजून जीव आहे. मग पाणी वर. पहिल्या कापणीपर्यंत नाही सापडलं तर शेत गेरलोफचं. मग त्यानं ते पिळून काढावं नाहीतर त्याचं लोणचं घालावं."

गेरलोफनं लगेच हात पुढे केला. त्या शेतावर टिटवी दिसल्याला किती वर्षं झाली ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. जाता जाता दारात तो मला म्हणाला, "काकू, खुराड्यातलं अंडं नेऊन ठेवू नका हं."

"तुझ्या घरात जन्मले असते तर ठेवलं असतं."

आतून वोब्बेचा आवाज आला, "शोधणारा असलं करत नाही." त्यात चेष्टा नव्हती.

आता शेतातून काय वर येत होतं ते सांगते. आधी आईचा कॉफीचा चमचा आला. मग आजोबांचा एका पायाचा लाकडी बूट. हरवलेलं सापडतंय म्हणून आम्हाला गंमत वाटली. वर येत होतं असं म्हणायचं आपलं, खरं तर वरची माती जळून संपत होती आणि आम्ही त्या वस्तूंपर्यंत खाली उतरत होतो. मग एके वर्षी गवतातून एक टोक निघालं, काळं, गुळगुळीत, अंगठ्याएवढं. मला वाटलं झाडाचं मूळ. पुढच्या वर्षी ते वीतभर झालं, त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार निघाला, आणि मग रांगच निघाली. शिंगं.

घरात दौवेची गोष्ट सांगितली जायची. दौवे आमचा कितव्या तरी पिढीचा पूर्वज. गुरांचा मोठा रोग आला आणि त्याचा अख्खा गोठा आठवड्यात आडवा झाला, तेव्हा त्यानं शेतात खोल खड्डा खणून सगळ्या गायी पुरल्या. नुसत्या लोटून दिल्या नाहीत. गोठ्यात उभ्या असायच्या तशा ओळीनं, तोंडं घराकडे करून ठेवल्या. तेव्हाचं जुनं घरही याच जागेवर होतं. माणूस दुःखानं वेडा झाला होता म्हणतात. मला लहानपणी ही गोष्ट आवडायची. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो अख्खा गोठा गवतातून डोकं काढताना दिसायचा, आणि सगळी शिंगं माझ्याकडे वळलेली. मी भांडी घासायची जागा बदलली.

इथली माती कातडं, केस कुजू देत नाही. आजारी पडण्याआधी वोब्बेनं एका शिंगाच्या बुडाशी बोट घालून पाहिलं तर लालसर केस हाताला लागले, ओले, बसलेले. तो घरी आला, हात धुतले आणि म्हणाला, "आई झाली, आजोबा झाले, आता दौवे. आपण आपल्याच माणसांतून खाली चाललोय, हिस्के."

"त्याच्या खाली काय आहे?"

"त्याच्या खाली कुणीच नाही," तो म्हणाला. "दौवेच्या बापानं पहिला चर खणला. त्याच्या आधी इथं माणूसच नव्हता."

मार्चमध्ये तो रोज सकाळी बाहेर पडू लागला. काठी घ्यायचा, पण चर ओलांडायला ती टेकवून उडी मारायची ताकद राहिली नव्हती, म्हणून मी चरावर एक फळी टाकून दिली. काठीचा आधार घेत तो शेतभर हिंडायचा, आभाळाकडे बघायचा, आणि न्याहारीला परत यायचा. राय धान्याच्या पावाचा अर्धा तुकडा खायचा. मी विचारायचे नाही, तो सांगायचा नाही.

एके सकाळी आला तो दारातच उभा राहिला. "आहे," म्हणाला.

"काय आहे?"

"टिटवी. ओरडली."

"दिसली?"

"दिसली नाही. पण तू चल."

मी चपला बदलल्या आणि गेले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं औषधं डोक्यात गेली. धुकं गुडघ्यापर्यंत होतं आणि त्यातून शिंगं तेवढी वर आलेली. आम्ही त्या रांगांच्या कडेला उभे राहिलो. गेरलोफच्या पंपाची घरघर लांबून येत होती. मग ती ओरडली. तोच आवाज, लहानपणापासून ओळखीचा, मध्येच चिरकत वर चढणारा. माझी मान आपोआप वर गेली. आभाळ रिकामं होतं. पुन्हा ओरडली, अगदी जवळ, आणि मी पाहिलं तर वोब्बे वर बघतच नव्हता. त्याची नजर जमिनीवर होती.

"खालून येतोय आवाज," मी म्हणाले.

"हो."

"चल घरी."

"थांब गं. ऐक नीट. टिटवी लबाड पाखरू. माणूस दिसला की अंड्यांपासून लांब जाऊन ओरडते, तुला भलतीकडे नेते. ही बघ, एकाच जागेवरून ओरडतेय. फसवत नाहीये." त्याचा चेहरा मुलासारखा झाला होता. "हिला माणूस कसा असतो तेच माहीत नाही."

मी त्याचा दंड धरला आणि घरी आणलं.

त्यानंतर तो आवाज मलाही रोज ऐकू येऊ लागला. दारं-खिडक्या लावल्या तरी यायचा, फरशीखालून आल्यासारखा.

एप्रिलमध्ये गेरलोफनं आमच्या परवानगीनं आपल्या तरुण गायी खालच्या शेतात सोडल्या. हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या गायी पहिल्यांदा बाहेर सोडतात तेव्हा त्या नाचतात. पाचशे किलोचं जनावर वासरासारखं उड्या मारतं, शेपूट वर, लाथा हवेत. ते बघायला गावातली पोरंबाळं गोळा होतात, साखरेचा पाव वाटला जातो. त्या दिवशीही पोरं जमली. गेरलोफनं फाटक उघडलं आणि टोपी हलवली.

गायी बाहेर आल्या आणि चालत गेल्या. एकही उडाली नाही. शिंगांपर्यंत गेल्या आणि एकेक करून त्यांच्यासमोर ओळीत उभ्या राहिल्या. माना खाली. गेरलोफच्या गायींना शिंगं नाहीत, वासरं असतानाच डागून टाकतात. बिनशिंगी डोकी वर आणि नुसती शिंगं खाली, असं ते समोरासमोर बघत राहिलं. गवताला एकीनंही तोंड लावलं नाही. एक पोरगी रडायला लागली आणि तिच्या आईनं तिला उचलून नेलं. मग गायी वळल्या आणि आल्या तशाच रांगेनं गोठ्यात परत गेल्या.

"हवा बदललीय, दुसरं काही नाही," गेरलोफ म्हणाला. त्याच्या हातातला साखरेचा पाव चुरगळला होता.

"दोन वीत आणखी खाली घे," मी म्हणाले. "मग दौवेच्या गायी स्वतःच चालत येतील दूध द्यायला. तुझी यंत्रं आहेतच."

"काकू, तेवढं नका बोलू." त्याचा चेहरा उतरला होता.

एप्रिल सरला. वोब्बेचं चालणं फळीपर्यंत आलं, मग अंगणापर्यंत. तो दारातल्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायचा आणि ऐकायचा. गवत मांडीएवढं झालं. मेच्या पहिल्या आठवड्यात गेरलोफ पायऱ्यांखाली येऊन उभा राहिला, टोपी हातात.

"काका, कापणीचं यंत्र उद्या येतंय. मी आणखी चार दिवस थांबलो असतो, पण नंतर पाऊस सांगितलाय."

"ठरलं ते ठरलं," वोब्बे म्हणाला.

गेरलोफनं माझ्याकडे पाहिलं. त्याला जिंकल्याचा आनंद झालेला नव्हता, हे मला मान्य करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वोब्बे माझ्या आधी उठला होता. कोट घालून, बूट चढवून दारात उभा. "मला तेवढं फळीवरून ने," तो म्हणाला. मी त्याला नेलं. एका बाजूला काठी, एका बाजूला मी. धुकं होतंच. टिटवी ओरडत होती, न थांबता, आणि आम्ही त्या आवाजाकडे आंधळ्यांसारखे चालत गेलो. शिंगांच्या रांगा संपल्या तिथं चराचा काठ रात्रीत खचला होता. हातभर जाडीचा मातीचा तुकडा पाण्यात सरकला होता आणि त्याखालचं काळं उघडं पडलं होतं, दौवेच्या गायींच्याही बुडाखालचं. तिथं आम्ही पोचलो आणि आवाज थांबला. एकदम. गळा धरल्यासारखा.

"हिस्के," वोब्बे म्हणाला.

काळ्या मातीत एक वाटी होती, गवताच्या काड्यांनी आतून मढवलेली. तिच्यात चार अंडी, टोकं मध्ये वळलेली, टिटवी ठेवते तशी. त्यांवर काळे ठिपके. वोब्बे गुडघ्यांवर बसला. मी त्याला धरायला वाकले आणि मलाही नीट दिसलं.

अंड्यांचा रंग कडक चहासारखा झाला होता. कवच नव्हतं, माती ते कधीच खाऊन बसली होती. उरलं होतं ते आतलं पापुद्र्याचं कातडं, अंड्याचा आकार आणि ठिपके धरून, ताणलेलं. आणि त्या काड्या आमच्या गवताच्या नव्हत्या. तपकिरी शेवाळ, बारीक लव्हाळं, असलं आमच्याकडे कुठंच उगवत नाही. ती वाटी केली गेली तेव्हा इथं चर नव्हता, गाय नव्हती, आमच्या रक्ताचं कुणी नव्हतं. आम्ही तिथपर्यंत उतरलो होतो.

वोब्बेच्या डोळ्यांवर साय आली होती, त्याला चार अंडी दिसली एवढंच. त्यानं हात पुढे केला, बोटांच्या पाठीनं एका अंड्याला हळूच स्पर्श केला आणि तसाच थांबला. बोटांनी त्याला काहीच सांगितलं नाही.

"गरम आहेत का?" त्यानं विचारलं. "तू बघ, हिस्के. मला कळत नाही. टाकून दिलेली नाहीत ना?"

लांब रस्त्यावर कापणीच्या यंत्राचा आवाज यायला लागला होता.

मी खोटं बोलायचं ठरवलं. तिथंच, चिखलात उभी राहून, दुसरा विचार न करता. शोधणाऱ्यांचा नियम शोधणाऱ्यांपाशी, मी काही शोधणारी नव्हे. माझा भाऊ मरत होता आणि ते शेत थांबवायला हवं होतं. हो, गरम आहेत, असं म्हणायला तोंड उघडून मी हात लावला.

ती गरम होती.

कोंबडीच्या पोटाखालून नुकती काढल्यासारखी. कातड्याखाली काहीतरी किंचित हललं असंही वाटलं, पण ते माझंच बोट हललं असेल. मी हात मागे घेतला आणि तोल जाऊ नये म्हणून शेजारी मातीत टेकवला. त्या उघड्या काळ्या मातीत, वाटीच्या बाहेर, वीतभर लांब. मग आणखी लांब टेकवून पाहिला.

मातीही तितकीच गरम होती. आजीच्या चुलीतली राख दुसऱ्या दिवशी सकाळी असायची तशी.

"हिस्के? सांग ना गं."

"गरम आहेत," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. मग आपली काठी वाटीशेजारी रोवली. जोर पुरेना, तेव्हा मी माझा हात त्याच्या हातावर ठेवून दाबली. ती आत इतकी सहज गेली, खाली धरायला काहीच नसल्यासारखी.

गेरलोफनं यंत्र फाटकाशी थांबवलं. वोब्बेनं त्याला लांबूनच काठी दाखवली आणि गेरलोफनं टोपी काढली. पुढे येऊन बघतो म्हणाला नाही. वोब्बेनं सापडलं म्हटलं म्हणजे सापडलं. त्याच आठवड्यात वोब्बेनं सही केली, पंप बंद झाला आणि चरातलं पाणी काठाला आलं. आधी ती वाटी बुडाली, मग शिंगांची बुडं, मग एकेक टोक. वोब्बे वरच्या पायरीवर खुर्चीत बसून ते बघायचा. "जमीन निवली," एकदा म्हणाला. त्याला काय कळलं होतं आणि काय नाही, मी विचारलं नाही. जूनमध्ये तो गेला. झोपेत गेला, आणि त्या घरात इतकी शांतता पडली की मला घड्याळ बंद करावं लागलं.

आता पुन्हा मार्च आहे. खालच्या शेतात पाणी चकाकतंय आणि शिंग एकही दिसत नाही. मागच्या भिंतीतली भेग वाढलेली नाही. मी भांडी परत खिडकीशी घासते. टिटवी मात्र पाणी चढल्यापासून ओरडलेली नाही, ना वरून ना खालून.

काल गेरलोफ आला. पायऱ्या दोन-दोन करत चढला, आणि कॉफी ओतायच्या आधीच बोलायला लागला.

"काकू, ऐकलंत का? तुमची टिटवी माझ्या शेतात आली! आठवडा झाला. रोज ओरडते. काका असते तर काय खूश झाले असते!"

मी किटली खाली ठेवली. "दिसली का?"

"दिसत नाही हो, तेच तर. सगळं आभाळ धुंडाळलं. पण आवाज असा येतो काकू, की जणू माझ्या पायाशीच आहे." तो हसत होता. "आणि बघा ना, अजिबात फसवत नाही. एकाच जागेवरून ओरडते. मी काठी घेऊन ठेवलीय. उद्या सकाळी शोधायला जाणार. अंडी गरम मिळाली म्हणजे झालं."

खिडकीतून त्याचं शेत दिसत होतं, हिरवंगार, कोरडं, आमच्या पाण्यापेक्षा दोन वीत खाली. त्याच्या पंपाची घरघर चालू होती. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"अंडी शोधू नकोस, गेरलोफ," मी म्हणाले. "आत्ता जा, आणि तुझ्या जमिनीला हात लावून बघ."

"जमिनीला? कशाला?"

"वोब्बेला मी अंडी गरम आहेत तेवढंच सांगितलं, मातीचं सांगितलं नाही. तुला सगळं सांगतेय. जा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. कठडा धरून तो पायऱ्या उतरला, बांधावरून पलीकडे गेला, आणि आपल्या चराच्या काठाशी, जिथं गवत संपून काळी माती उघडी पडली आहे तिथं, गुडघ्यांवर बसला. तळहात जमिनीवर टेकवला. मग दुसराही टेकवला. मी वरच्या पायरीवर उभी राहून बघत होते. तो बराच वेळ उठला नाही.